काजूच्या काट्यावर

साखरी नाट्यात, धक्क्यासमोर
कासम सोलकरांचं काजूचं दुकान.
पाठीवरची सॅक त्यांच्या काट्यावर ठेवली
तर आकडा थरथरला, मग टेकला:
नऊ किलो चारशे.
"पाणी धरून?"
पाणी अजून भरायचं होतं.

तीन दिवस. आंबोळगड, वेत्ये, कशेळी, पूर्णगड.
पुळणीतून, सड्यावरून,
करवंदीच्या जाळीतली पायवाट सापडली तर तिच्यावरून.
गुडघे बावन्न वर्षांचे,
डावा थोडा मोठाच असावा.

तिपाई: एक किलो सहाशे.
"एवढ्यात चांगली सुरमई येते," कासमचाचा म्हणाले,
आणि मला पहाटेची ती सगळी चित्रं आठवली
ज्यांत मी शटर उघडं ठेवून लाटांचं दूध केलं होतं.
हर्णैचं दूध, वेळणेश्वरचं दूध, आरवलीचं दूध.
नावं खोडली तर मलाच ओळखता येणार नाहीत.
तिपाई राहिली.

फ्लॅश राहिला. दुसरी बॉडी राहिली,
जिचं काम एवढंच की
पहिली बिघडली तर.
'बिघडली तर' सातशे ग्रॅम भरलं.
चार्जर राहू दे म्हणाले, ते मी ऐकलं नाही.

मग तीनशेची लेन्स.
जुनी, पांढरी, कडेला रंग उडालेली.
हिच्यासाठी मी सोन्याची पाटली मोडली होती,
घरी सांगितलं, हरवली.
काट्यावर ती उभी राहिली दीपमाळेसारखी
आणि मी आकडा बघायचं टाळलं.
"सड्यावर समुद्रगरुड दिसतो ना?"
"दिसतो की. पण तो काय तुमच्यासाठी बसतो?"

शेवटी एक कॅमेरा, पस्तीसची चिमुकली लेन्स,
पुसायला जुन्या धोतराचा तुकडा.
बाकी सगळं काजूच्या रिकाम्या डब्यांत,
बुरशी नको म्हणून
सिलिकाच्या पुड्या, वर झाकण.

गरुड दिसला. दुसऱ्या दिवशी, वेत्याच्या वर,
पंजात काहीतरी वळवळणारं घेऊन.
माझ्या फोटोत तो ठिपका आहे,
आणि ठिपका कुठला हे बोटाने दाखवावं लागतं.
कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती
पस्तीसमध्ये मावेना. मागे सरले,
आणखी मागे सरले, वाळलेल्या गवतात बसकण मारली.
मग कॅमेरा गळ्यात टाकून
सोंडेपासून शेपटीपर्यंत चालत गेले, पावलं मोजत,
त्याच्या पोटातून, पायांवरून.
कोरणाऱ्यालाही असंच चालावं लागलं असेल.
पावलांचा आकडा वहीत आहे, फोटो नाही.

चौथ्या दिवशी एसटीने परत नाट्याला.
दुकानाचा दरवाजा अर्धा ओढलेला, आत काळोख.
"हळू, उजेड आत येऊ देऊ नका," आतून आवाज.
डबा उघडाच होता.
माझी तीनशे दोन गोणींच्या मधोमध,
तोंड खाडीकडे,
आणि तिच्या मागे चार बोटांवर
काजूच्या पुड्यांचा बटरपेपर, दोन चिमट्यांत ताणलेला.
कागदावर खाडी.
रंगीत, हलणारी, उलटी:
पाणी वर, आभाळ खाली,
धक्क्यावरच्या बाया डोक्यावर चालतायत
आणि टोपल्यांतली एक मासळी सांडत नाही.

मला राग यायला हवा होता. धूळ, खारी हवा,
मागचं झाकण तर गल्ल्यावर पडलेलं.
"पुसायला काढली होती," कासमचाचा म्हणाले,
"हातातल्या कागदावर अचानक धक्काच उतरला.
तीन दिवस गिऱ्हाइकांना बाहेरूनच परत पाठवतोय."

मी कॅमेरा उचलला.
कागदावरचं चित्र पस्तीसमध्ये सहज मावत होतं.
त्यांनी माझं मनगट धरलं.
"जरा थांब. नसीमची होडी येऊ दे.
खाडीत डावीकडून शिरते,
इथे उजवीकडून दिसेल.
हिरवं निशाण खाली लोंबतं, त्यावरून ओळखायची."

गोणीवर त्यांनी जागा करून दिली.
आम्ही दोघं, माना वाकड्या करून,
कागदाच्या उजव्या कडेकडे बघत बसलो.